जुन्या पत्रांचे वाचक : इतिहासाचार्य राजवाडे

नवी मुंबईहून पनवेलमार्गे गोव्याच्या रस्त्याला लागले की पुढे पेण येते. पेणचे गणपती तुम्ही पाहिले असतील. याच पेण तालुक्यात वरसई नावाचे एक गाव आहे. गाव लहान, पण मराठी गद्याच्या इतिहासात त्याचे नाव दोनदा येते. १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडलेले आणि घरी परतल्यावर 'माझा प्रवास' हे पुस्तक लिहिणारे विष्णुभट गोडसे या गावचे. आणि ज्यांचे चरित्र तुम्ही आता वाचणार आहात, त्या विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्मही याच गावचा, २४ जून १८६३ चा.

विश्वनाथ तीन वर्षांचे असतानाच त्यांचे वडील वारले. पुढे पुण्याजवळच्या वडगावात आजोळी ते वाढले आणि पुण्यात शिकले. डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले, पण परीक्षेसाठी नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेली पुस्तके त्यांनी अधिक वाचली. प्लेटो या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथाचे त्यांनी मराठी भाषांतर केले आणि 'भाषांतर' नावाचे मासिकच काढले. पत्नी लवकर वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही, कोठे कायमची नोकरीही धरली नाही. अशा माणसाला लोक विक्षिप्त म्हणतात. राजवाडे विक्षिप्त होतेच. स्वभाव तापट होता, बोलणे रोखठोक होते, आणि ज्याच्याशी पटले नाही त्याची संगत ते लगेच सोडत. पण एका गोष्टीची संगत त्यांनी मरेपर्यंत सोडली नाही. ती गोष्ट म्हणजे जुने कागद.

हे कागद कसले, ते आधी समजून घ्या. मराठ्यांच्या राज्यात रोज शेकडो पत्रे लिहिली जात. लढाईवर गेलेला सरदार पुण्याला पत्र पाठवी, पुण्याहून त्याला उत्तर जाई. जासूद आणि कासीद ही पत्रे घेऊन धावत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. सरदारांचे, कारकुनांचे आणि सावकारांचे वाडे राहिले, पण त्यांतल्या कागदांना कोणी विचारीनासे झाले. फडक्यात बांधलेली दप्तरे माळ्यावर पडून राहिली. काही वाळवीने खाल्ली, काही पावसात कुजली, काही रद्दीच्या भावाने गेली. घरातल्या नव्या पिढीला ती वाचताही येत नव्हती, कारण ती मोडी लिपीत होती. मोडी म्हणजे मराठीची भरभर लिहिण्याची लिपी. हात न उचलता, अक्षरे मोडून लिहायची, म्हणून ती मोडी, असे काही जण सांगतात. तुमच्याकडे फारसी आणि उर्दू लिहिण्याची अशीच एक घाईची तऱ्हा आहे. तिचे नाव 'शिकस्ता', म्हणजे मोडलेली. दोन्ही नावांचा अर्थ एकच निघतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

वाई हे कृष्णाकाठचे जुने गाव. तिथल्या एका जुन्या घराण्याकडे राजवाड्यांना पत्रांचा एक साठा मिळाला. त्यात पानिपतच्या लढाईच्या आधीची आणि लढाईच्या काळातली अस्सल पत्रे होती. त्यांतून तयार झालेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७५० ते १७६१ या वर्षांची पत्रे आहेत. तोपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ मध्ये छापलेले पुस्तक, अशी समजूत होती. राजवाड्यांनी या पत्रांच्या आधारे डफच्या तारखा तपासल्या, फौजांचे मार्ग तपासले आणि चुका एकामागून एक दाखवून दिल्या.

आता हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात त्या पत्रांतली एकेक ओळ म्हणजे एकेक कुलूप होते. पुष्कळ पत्रांवर इसवी सन नसे, शकही नसे. 'छ' असे अक्षर, त्यापुढे चंद्राची तारीख आणि महिना, म्हणजे रबिलावल, जमादिलाखर असा काहीतरी. हे महिने तुम्हाला पाठ आहेत. सालही अंकांत नसे, ते अरबी शब्दांत असे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. त्या वेळचे सुहूर साल मराठी कागदांत लिहायचे तर 'इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहीत. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. मराठी शाळेतला मुलगा हे वाचून गोंधळून जातो. तुमच्यापैकी ज्यांनी थोडी अरबी गिरवली आहे त्यांना ते लगेच उलगडेल.

तारखेच्या पुढे पत्राचा मजकूर सुरू होई, आणि खरी अडचण तिथेच होती. लढाईची भाषा ही काही ठरावीक बोलांची भाषा असते. युरोपातली मुले लॅटिन शिकताना ज्युलियस सीझरने लिहिलेला गॉल देशाच्या लढाईचा वृत्तान्त वाचतात. त्यातही असेच ठरलेले बोल पुन्हा पुन्हा येतात. 'कास्त्रा मोवेरे' याचा शब्दशः अर्थ छावणी हलवणे, पण त्याचा भावार्थ कूच करणे. 'माग्निस इतिनेरिबुस' याचा शब्दशः अर्थ मोठ्या प्रवासांनी, पण सीझरला म्हणायचे असते, लांब लांब मजला मारीत. 'तेर्गा व्हेर्तेरे' म्हणजे पाठ वळवणे. उर्दूत तुम्ही पीठ दिखाना म्हणता, मराठीत पाठ दाखवणे म्हणतात. तिन्ही भाषांत माणूस पळालेला असतो, फक्त पळाला असे कोणी म्हणत नाही. जो विद्यार्थी सुटे शब्द शिकतो आणि हे बोल शिकत नाही, त्याला सीझरची फौज दिसत नाही. तो नुसता शब्दकोश चाळत बसतो.

मराठी पत्रांतले असे बोल बहुतेक फारसीतून आले होते. बहमनी राज्यापासून दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात फारसी चाले. मराठे सरदार त्या फौजांत होते, मराठे कारकून त्या कचेऱ्यांत होते. त्यामुळे फौजेचा हुकूम, हिशेब, कूच, मुक्काम या सगळ्यांची बोली फारसीच्या वळणाने गेली. 'दरकूच' म्हणजे मुक्काम न वाढवता सारखी कूच करीत. 'मजल दरमजल' म्हणजे एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला, टप्प्याटप्प्याने. 'डेरेदाखल होणे' म्हणजे छावणीत येऊन पोहोचणे. 'बरहुकूम' म्हणजे हुकमाप्रमाणे, 'बमोजीब' म्हणजे त्यानुसार, 'बजिन्नस' म्हणजे जसेच्या तसे, 'दरोबस्त' म्हणजे सगळेच्या सगळे.

या शब्दांच्या तोंडाशी असलेले 'दर', 'बर', 'ब' नीट पाहा. फारसीत हे शब्द नामाच्या आधी येतात. उर्दूत तुम्ही दरअसल, बरवक़्त, बख़ुशी असे म्हणता, तेच हे. मराठीची रीत उलटी आहे. मराठी आपले शब्द नामाच्या मागे लावते : घरात, घरावर, घराकडून. मग झाले काय? काही फारसी शब्द आपली जागा न सोडता आले. दररोज, दरसाल, बरहुकूम हे असे शब्द. काहींनी मात्र मराठीची रीत पत्करली आणि ते मागे जाऊन बसले. अरबी 'बदल' मराठीत 'त्याबद्दल' झाला, 'ख़ारिज'चा 'त्याखेरीज' झाला, 'सिवा'चा 'त्याशिवाय' झाला आणि 'इवज़'चा 'त्याऐवजी' झाला. 'आजतागायत' या शब्दात तर दोन्ही भाषांची गाठ पडली आहे. पुढे मराठी 'आज' आणि मागे फारसी 'ता ग़ायत', म्हणजे शेवटपर्यंत. परीक्षेत मराठीची शब्दयोगी अव्यये पाठ करताना तुम्ही कंटाळत असाल, तर त्यांतली निम्मीशिम्मी तुमच्या घरचीच आहेत असे समजा.

आणखी एक गंमत सांगतो. लहानपणी तुम्ही ज़बर, ज़ेर, पेश शिकलात. ज़बर अक्षराच्या वर, ज़ेर अक्षराच्या खाली. पेश म्हणजे पुढे. हे तीनही शब्द मराठ्यांच्या फौजेत होते. शत्रूला जेर केले म्हणजे त्याला खाली दाबले, हरवले. जबरदस्त म्हणजे ज्याचा हात वर आहे तो. आणि राज्याचा जो मुख्य प्रधान सर्वांच्या पुढे चाले, तो पेशवा.

हे बोल ठाऊक नसले तर नुसता शब्द अडतो असे नाही, सगळी लढाई उलटी होते. 'शिकस्त' हा शब्द घ्या. आज मराठीत प्रयत्नांची शिकस्त केली म्हणजे प्रयत्नांची कमाल केली. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, आणि जुन्या मराठी कागदांतही फौज शिकस्त झाली म्हणजे ती मोडली, हरली. समजा, आजचा एखादा वाचक आजचा अर्थ मनात धरून ते वाक्य वाचू लागला, तर हरलेली फौज त्याला पराक्रम करताना दिसेल!

दुसरा बोल 'कामास येणे'. अमका सरदार लढाईत कामास आला, असे पत्रात असते. वरवर पाहता वाटते, तो उपयोगी पडला, त्याने मदत केली. उर्दूतला काम आना तुम्हाला माहीत आहे. जंगमध्ये काम आला म्हणजे तो मारला गेला. मराठीतही अर्थ तोच. पानिपतानंतर महाराष्ट्रात गावोगावी लोक पत्रांची वाट पाहत होते. आपला माणूस जिवंत आहे, शत्रूच्या हाती लागला आहे की कामास आला आहे, हे त्या दोन शब्दांवर ठरत होते. पत्र लिहिणाऱ्याने मृत्यूचे नाव घेतलेले नसे. वाचणाऱ्याला मात्र ते कळत असे.

राजवाड्यांनी पानिपतची पत्रे याच कानांनी वाचली. सदाशिवरावभाऊंची फौज १७६० च्या मार्च महिन्यात दक्षिणेतून निघाली आणि ऑगस्टमध्ये दिल्लीत पोहोचली. वाटेतून आणि दिल्लीहून भाऊंनी बुंदेलखंडातल्या गोविंदपंतांना पत्रांमागून पत्रे लिहिली. पैसा पाठवा, धान्य पाठवा, शत्रूकडे जाणारी रसद तोडा. गोविंदपंत म्हातारे होते, आणि त्यांच्याकडून पुरेसे येईना. पुढे डिसेंबरमध्ये तेही मारले गेले. पानिपतावर फौज कोंडली गेली तशी पत्रांची वाट बंद होत गेली. पुण्याहून उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना लढाईचा निकाल कळायला जानेवारीची अखेर उजाडली. ही सगळी हकीकत पूर्वी लोक बखरीतून वाचत. बखर ही मागाहून, रंगवून सांगितलेली गोष्ट असते. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसते, म्हणून या पत्रांत भीती खरी आहे आणि आशाही खरी आहे.

या लढाईत धर्मावरून आणि भाषेवरून सरळ दोन बाजू पडल्या होत्या असे समजू नका. मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारदी यांच्या हाताखाली होते. ते शेवटपर्यंत लढले, कैद झाले आणि मारले गेले. उलट, शत्रूच्या छावणीत शुजाउद्दौलाच्या पदरी काशीराज नावाचा मराठी ब्राह्मण होता. त्याने या लढाईची हकीकत पुढे लिहून ठेवली, आणि ती फारसीत लिहिली.

राजवाड्यांना मात्र फारसीचा हा पसारा आवडत नसे. हे लपवण्याचे कारण नाही. परक्या राज्याबरोबर परकी भाषा आली आणि तिने मराठीला झाकून टाकले, असे त्यांचे मत होते. त्यांनी ते नुसते मांडले नाही, मोजून दाखवले. वेगवेगळ्या काळांतले कागद घेऊन त्यांनी त्यांतले शब्द मोजले. १६२८ च्या कागदात दर पाच शब्दांत चाराहून अधिक शब्द फारसी निघाले. १६७७ च्या कागदात ते प्रमाण निम्म्याच्या खाली आले, आणि १७२८ च्या कागदात शंभरात जेमतेम सहा-सात उरले. मधल्या काळात शिवाजी महाराजांचे राज्य झाले होते. त्यांच्याच आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत.

राजवाड्यांचे हे मत सर्वांना पटले नाही. शब्द काही फक्त तलवारीबरोबर येत नाहीत, ते बाजारातून, स्वयंपाकघरातून आणि शेजाऱ्याच्या ओट्यावरूनही येतात. शिवाय जे कोशाने हटवले ते सगळे हटले नाही. पानिपतच्या पत्रांत, म्हणजे कोशानंतर ऐंशीएक वर्षांनी, दरकूच आणि बरहुकूम आहेतच. फौजेच्या तोंडी बसलेला बोल सहजासहजी जात नाही.

पण राजवाड्यांची थोरवी इथेच दिसते. जे शब्द त्यांना आवडत नव्हते तेही त्यांनी छापताना जपले. पत्र जसे हाती आले तसे छापायचे, असा त्यांचा नेम होता. कागदात 'बमोजीब' असेल तर छापतानाही 'बमोजीब'. एखादा कमी प्रामाणिक माणूस तिथे 'त्याप्रमाणे' असे लिहून मोकळा झाला असता. तसे झाले असते तर मराठी आणि फारसी यांचे नाते शोधणाऱ्या पुढच्या लोकांच्या हाती काहीच उरले नसते. पुण्यात माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. औरंगाबादेत राहून उर्दूची सेवा करणारे मौलवी अब्दुल हक यांनी तर मराठीवरील फारसीच्या परिणामाविषयी उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले.

पहिल्या खंडानंतर राजवाडे थांबले नाहीत. एकूण २२ खंड त्यांनी छापले. त्यासाठी ते महाराष्ट्रभर हिंडले. सामान थोडेच असे, स्वयंपाक स्वतःच्या हाताने करीत, आणि जिथे दप्तर असल्याचे कळेल तिथे जाऊन पोहोचत. कोणी आदराने माळा उघडून देई, कोणी दारातूनच परत पाठवी. आपल्या कागदांतून जमिनीचे किंवा वतनाचे भांडण निघेल अशी लोकांना भीती वाटे. पैशाची तर नेहमीच ओढाताण. खंड कधी एका गावी छापायचा, कधी दुसऱ्या. कोल्हापूरच्या प्राध्यापक विजापूरकरांनी आपल्या 'ग्रंथमाला' मासिकातून काही खंड छापले म्हणून ते बाहेर आले. इंग्रजीत लिहिले असते तर राजवाड्यांचे नाव जगभर झाले असते. पण ते हट्टाने मराठीतच लिहीत राहिले. ज्याला हे हवे असेल त्याने मराठी शिकावे, असा त्यांचा बाणा होता.

१९१० मध्ये त्यांनी आणि सरदार मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. जुने कागद एकत्र ठेवायला, वाचायला आणि छापायला एक हक्काची जागा झाली. पण तिथेही मतभेद झाले, आणि राजवाडे आपल्या स्वभावाप्रमाणे दूर झाले. पुढे व्याकरण, शब्दांच्या व्युत्पत्ती, ज्ञानेश्वरीची भाषा असे विषय त्यांनी हाती घेतले. १९२४ मध्ये त्यांनी संपादून छापलेली 'महिकावतीची बखर' ही तर आपल्याच भागाची, म्हणजे उत्तर कोकणची आहे.

शेवटची वर्षे त्यांनी धुळ्यात काढली. मराठीतल्या धातूंचा, म्हणजे क्रियापदांच्या मुळांचा, एक मोठा कोश करायचे त्यांच्या मनात होते. त्यासाठी त्यांनी हजारो शब्द टिपून ठेवले होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. कोश अपुरा राहिला. धुळ्याच्या लोकांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढले. त्यांची टिपणे आणि जमवलेले कागद त्या मंडळाने सांभाळले, आणि १९३७ मध्ये त्या टिपणांतूनच राजवाडे यांचा मराठी धातुकोश छापून निघाला.